ट्रिगर लावलाय तरी डबल बुकिंग कसं घुसतं?

मुलुंडकर:
मंडळी, सोसायटीच्या हॉलचं बुकिंग पोस्टग्रेस १४ डेटाबेसवर आहे. एका तारखेला एका स्लॉटला एकच बुकिंग हवं म्हणून बिफोर इन्सर्ट ट्रिगर (नवी नोंद टाकण्याआधी आपोआप चालणारा कोड) लावलाय, आधीचं सापडलं की एक्सेप्शन, म्हणजे एरर. रद्द झालेली बुकिंगं टेबलातच राहतात म्हणून सरळ युनिक (डुप्लिकेट नोंद अडवणारा नियम) लावलं नाही. तरी परवा एकाच संध्याकाळी एका घरचं बारसं आणि दुसऱ्यांचा साखरपुडा, दोघांना कन्फर्मचा मेसेज गेलेला आणि सेक्रेटरी काका माझ्या डोक्यावर बसलेत. लॅपटॉपवर काही केल्या होत नाही. ट्रिगर कधीकधी फायरच होत नाही असं असतं का?

विक्रोळी_वेस्ट:
फायर होतो रे, त्याला दिसत नाही. डिफॉल्ट आयसोलेशन रीड कमिटेड, म्हणजे दुसऱ्याची कमिट (पक्की) न झालेली रो, म्हणजे नोंद, तुझ्या सिलेक्टला (शोधणाऱ्या क्वेरीला) दिसणारच नाही. दोन पीएसक्यूएल (पोस्टग्रेसची कमांड लाइन) विंडो उघड, दोन्हीत बिगिनने ट्रान्झॅक्शन सुरू कर, पहिलीत इन्सर्ट करून तशीच सोड आणि दुसरीत तोच इन्सर्ट मार, बिनबोभाट जातो बघ.

मुलुंडकर:
झालं रिप्रोड्यूस!! ट्रिगरमधल्या सिलेक्टला फॉर अपडेट (सापडलेली रो लॉक करणारं) लावू का मग?

डेटावाली:
नसलेल्या रोवर लॉक कुठून लागणार? पार्शल युनिक इंडेक्स (अटीत बसणाऱ्या रोंपुरतेच डुप्लिकेट अडवणारा) कर ना, हॉल, तारीख, स्लॉट या तिघांवर आणि व्हेअरमध्ये स्टेटस रद्द नसलेलं. इंडेक्समधली एन्ट्री म्हणजे लोकलच्या सीटवर टाकलेला रुमाल, माणूस अजून चढला नसला तरी जागा धरलेली दिसते. दुसरा इन्सर्ट तिथेच थांबतो, पहिला कमिट झाला की डुप्लिकेटचा एरर २३५०५, रोलबॅक झाला (मागे घेतला) तर दुसरा आत. तो एरर ॲपमध्ये पकड. आणि तुझा ट्रिगर फक्त इन्सर्टवर आहे, रद्द बुकिंग कोणी अपडेट करून परत चालू केलं तर तो मध्ये येतच नाही, तेही इंडेक्स अडवेल.

बोरिवली_स्लो:
+१. आधी ग्रुप बाय, हॅविंग काउंट (सारख्या नोंदी मोजणारी क्वेरी) मारून जुने डुप्लिकेट काढ नाहीतर इंडेक्स बनणारच नाही, आणि कॉन्करंटलीने (टेबलातलं लिहिणं न थांबवता) करताना फेल झाला तर अर्धवट इनव्हॅलिड इंडेक्स मागे पडून राहतो, तो ड्रॉप करून मगच परत चालव. स्लॉट कॉलम नॉट नल (रिकामा ठेवता न येणारा) आहे ना? नल असेल तर युनिक इंडेक्स दोन नल वेगळेच धरतो, नल एकसारखे धरायचा नल्स नॉट डिस्टिंक्ट पर्याय व्हर्जन १५ पासून आला.

मुलुंडकर:
नॉट नल आहे. ग्रुप बाय मारला तर पुढच्या महिन्यातली अजून एक जोडी निघाली 😭 कोणाचं रद्द करायचं ते काका बघतील, इंडेक्स आज रात्री टाकतो.