हेड प्लेनला देण्याआधी जुनं गॅस्केट मोजायचं की नाही?

काळीपिवळी
प्रीमियर पद्मिनी गाडीच्या इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरलं की ते थेट प्लेनिंगला, म्हणजे तळ घासून सपाट करायला, जातं. मशीनवाला विचारतो, ‘किती काढू?’ उत्तर ठरलेलं: ‘साफ होईपर्यंत.’ हे थांबायला हवं. जुनं गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) फेकू नका. फायर रिंगपाशी (सिलिंडरच्या भोकाभोवतीची धातूची कड) चार-पाच ठिकाणी मायक्रोमीटर लावा आणि मगच किती काढायचं ते ठरवा.

बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75, म्हणजे एका सिलिंडरचे 272 सीसी. कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) 7.3 धरलं तर पिस्टन वर आल्यावर साधारण 43 सीसी जागा उरते. या बोअरवर अर्धा मिमी म्हणजे 1.8 सीसी. नवं गॅस्केट जुन्यापेक्षा अर्धा मिमी पातळ निघालं आणि हेडही तेवढंच, म्हणजे वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), काढलं, तर चेंबरचं (हेडमधल्या जळण्याच्या खळग्याचं) तोंड बोअरएवढं धरून कॉम्प्रेशन 7.9 च्या आसपास जातं. हे कुणी ठरवलेलं नसतं, आपोआप होतं.

बोअरगेज
पटलं नाही. ते गॅस्केट तिसऱ्या मालकाने बाजारातून आणलेलं असेल. त्याच्या जाडीवरून कंपनीचं माप कसं कळणार? शिवाय हेड सुटलं की गॅस्केट थोडं फुगतं, वर काजळी. त्यापेक्षा हेडची उंची मोजा. चेंबरवर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने बसवा आणि ब्युरेटने (सीसीच्या खुणांच्या मोजनळीने) तेल सोडा. जे सीसी येतील ते खरे.

काळीपिवळी
ब्युरेट हवंच, पण ते फक्त हेडबद्दल सांगतं. गॅस्केटच्या भोकातली जागाही त्याच हिशेबात येते. आणि जुनं गॅस्केट नेहमीपेक्षा जाड निघालं, तर कुणीतरी आधीच हेड घासून जाड गॅस्केटने त्याची भरपाई केली असण्याची दाट शक्यता असते. हे कुठल्याही बिलावर लिहिलेलं नसतं. नवं घेताना दाबल्यानंतरची जाडी विचारा. पाकिटातून काढून मोजलेली जाडी इथे कामाची नाही.

टॅपेट_सांगली
दादा, 7.9 झालं तर बिघडलं काय? आज पंपावर निदान 91 ऑक्टेन मिळतं. हे इंजिन त्याहून हलक्या पेट्रोलवर चालायचं. वाकलेलं हेड न घासता चढवलं तर पुन्हा पाणी तेलात. गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात येतं, ब्युरेट बघायला नाही.

काळीपिवळी
वाकलेलं असेल तर घासायचंच. सरळपट्टीखाली 0.05 मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पत्ती) जात नसेल तर मात्र मशीनला लावूच नका. प्रश्न नॉकिंगपुरता (पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांपुरता) नाही. हे पुशरॉडचं इंजिन आहे, म्हणजे व्हॉल्व्ह दांड्या आणि रॉकर (वरचे तरफेसारखे हात) उघडतात. हेड खाली आलं की टॅपेटच्या स्क्रूने गॅप जुळते, पण रॉकरचा कोन बदलतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनजवळ येतात. आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. घासलेला धातू परत येत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आता भंगारातून चांगलं हेड कितीदा मिळणार?

निळा_डिलाइट
एक महत्त्वाचं. जुन्या तांब्याच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मोजायच्या आधी कोरडं खरवडू नका, वायर ब्रश तर अजिबात नको. ओलं करा, मास्क लावा.

बोअरगेज
हे मान्य. गॅस्केटबद्दल माझं मत तेच आहे: निर्णय सीसीवर व्हावा. पण आधी कुणी घासलं होतं हे ओळखायला जाडीवरून अंदाज बांधत बसण्यापेक्षा, जितके थाऊ काढले तो आकडा मशीनवाल्याने हेडच्या कडेला पंच करावा. माझ्या हेडवर मी तो मारून घेतो.