विषय: वसतिगृहाची जागा – मुलं कामाला जातात कुठे?

शिकागोहून, रविवारी सकाळी

सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

इंदुरात नोकरी करणाऱ्या मुलांच्या वसतिगृहासाठी तिथल्या विजयनगर भागातल्या जागेचा प्रस्ताव वाचला. इथून पैसे पाठवणाऱ्या आम्हा सगळ्यांना वसतिगृह हवंच आहे. पण कारण म्हणून 'नोकऱ्या आता सगळ्या तिकडेच' असं लिहिलंय, तिथे मी अडलो. हे कुणी मोजलंय का?

इथे माझं कामच नकाशांचं आहे. अमेरिकेत मालक बेकारी विम्यासाठी दर तिमाहीला राज्य सरकारकडे कामगारांची नोंद करतात. त्यावरून जनगणना खातं लोक राहतात कुठे आणि राबतात कुठे, असे दोन वेगळे नकाशे करतं. शिकागोत राहण्याचा नकाशा दूरवर पसरलेला. कामाच्या नकाशात 'लूप' हा मधला भाग ठिपक्यांनी गच्च, आणि बाहेर ओकब्रुक, शॉमबर्गकडे वेगळे पुंजके. त्यातही खोट आहे. एका कंपनीच्या अनेक शाखा असल्या, की कोण कुठल्या शाखेत हे बहुतेक राज्यांत नोंदलेलंच नसतं, अंदाजाने वाटून टाकतात. आणि स्वतःचा धंदा करणारा त्या नकाशात येतच नाही.

आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत कामाची जागा घरापासून किती लांब आणि कशाने जाता, एवढंच विचारलं होतं. कुठे जाता, ते नाही. सरकारची आर्थिक गणना उद्योगधंदे कामाच्या जागीच मोजते, घरात चालणारे उद्योगही धरते. पण सहावी गणना सुरू झाली 2013 ला. तेव्हाचं इंदूर आज कुठे राहिलंय?

आपला,
भाचा

---

इंदूर, रामबागेतून, सोमवारी रात्री

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

विचारलंस ते बरं केलंस. विजयनगरात मॉल, दवाखाने, कचेऱ्या आहेत, नाही कोण म्हणतं? पण गेल्या वर्षी माझ्या वरच्या खोल्यांत तीन मुलं होती, त्यांचं सांगते. बऱ्हाणपूरचा मुलगा पीथमपूरला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. पहिली पाळी असली की पावणेपाचला उठून महू नाक्यावर कंपनीची बस गाठायचा. खंडव्याची मुलगी सियागंजात किराण्याच्या पेढीवर हिशेब लिहायची, ती चालतच जायची. तिसरा सुपर कॉरिडॉर नावाच्या रुंद रस्त्यावर, संगणकाच्या कंपनीत. दुपारी निघायचा, घरी यायला मध्यरात्र. तिघांची तोंडं तीन दिशांना, आणि विजयनगरला एकही नाही.

पीथमपूर तर धार जिल्ह्यात. इंदूर जिल्ह्याचा आकडा काढलास की तिथली कामं हिशेबातून गळाली. माणसं मात्र राहतात इंदुरात, सकाळचे पोहे-जिलेबी खातात इंदुरात. देवासचं तेच, तोही वेगळा जिल्हा. 2025 मध्ये महानगर क्षेत्राचा कायदा झाला, त्यामुळे निदान सरकारी कागदावर तरी इंदूर, उज्जैन, देवास आणि धार एकत्र बघतील.

तुझे पणजोबा कापडाच्या मिलमध्ये होते तेव्हा नकाशा कुणाला लागत नव्हता. भोंगा ऐकू येईल तिथवर कामगारांची घरं. परदेशीपुरा, नंदानगर मिलच्याच जिवावर वसलं. मग मिली एकेक करून बसल्या. हुकुमचंद मिल 1991 ला बंद झाली, आणि तिथल्या कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागायला 2023 उजाडलं. काम गेलं, वस्ती जिथल्या तिथे राहिली. नातवंडं आता सांवेर रोडच्या कारखान्यांत नाहीतर पीथमपूरला धावतात. हे मला फार लागतं, म्हणून लिहिलं.

आणि सराफा बाजार? दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या, त्या मिटल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे रात्री खाण्याचा बाजार, गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस. एकाच जागी दोन पाळ्या, माणसं वेगळी. तुझ्या नकाशात तिथे ठिपके किती देशील? पापड-मसाले घरी करणाऱ्या बायकांना तर कुठलाच पत्ता नाही, त्यांना गाळू नकोस.

आणि मेट्रो म्हणशील? 31 मे 2025 ला सुरू झाली ती सुपर कॉरिडॉरच्या बाजूला, साधारण सहा किलोमीटर. पीथमपूरच्या मुलाला तिचा काय उपयोग? माझ्या मते महू नाका ते भंवरकुआं या पट्ट्यात जागा बघावी. कारखान्यांच्या बसगाड्या हाताशी, राजवाडा जवळ. विजयनगरला स्वस्तात मिळते आहे म्हणून घेऊ नये.

तुझी,
आत्या

---

शिकागोहून, मंगळवारी

आत्या, तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळ्या इंदूरचा नकाशा आपल्याला झेपायचा नाही, पण आपल्या मुलांचा नक्की होईल. ज्यांनी ज्यांनी वसतिगृहासाठी नाव दिलंय त्यांना सचिवांनी एवढं विचारावं: रोज प्रत्यक्ष कुठे उभं राहून काम करता, त्या जागेजवळचा चौक कोणता (नेमणूकपत्रावरचा पत्ता नको, तो बऱ्याचदा मुख्य कचेरीचा असतो), पाळी किती वाजता लागते आणि सुटते, बस कुठून पकडता. घरून काम करणाऱ्यांचा ठिपका घरावरच देईन. पहाटेचा आणि रात्रीचा असे दोन नकाशे काढून रविवारपर्यंत पाठवतो. तोवर विजयनगरच्या जागेचं बयाणं देऊ नये, ही विनंती.

भाचा

---

रामबागेतून

बरोबर. मुलींना आणखी एक विचारायला सांग: रात्री बस सोडते तिथून घरापर्यंत चालत येता का, आणि रस्त्यात दिवे आहेत का.

आत्या