मदत हवी आहे : ओठावर हर्पिस झालाय, घरात नऊ दिवसांचं लेकरू आहे

गोदाकाठची

नमस्कार. जिंतूर तालुक्यातल्या गावातून लिहितेय. धाकट्या जाऊबाईला मुलगी झाली, रविवारी बारसं आहे. चार दिवसांपूर्वी मला ताप आला, खालच्या ओठाच्या कडेला आधी चुणचुण झाली आणि मग मोहरीएवढे फोड आले. आमच्याकडं याला ‘ताप मुतला’ म्हणतात, कुणी मनावर घेत नाही. पण परभणीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘हर्पिस’ लिहिलं. पुतण्यानं मोबाइलवर तो शब्द शोधला आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, “काकू, हा तर गुप्तरोग आहे.”

तेव्हापासून माझी जर्मनची ताटली वेगळी, बादली वेगळी, धुणं वेगळ्या दोरीवर. सासूबाई तोंडानं काही म्हणत नाहीत, पण हाताला हात लागू नये म्हणून भाकर वरून सोडतात. मालक पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा येतात. आता बोट त्यांच्याकडं वळतंय, नाहीतर माझ्याकडं.

संडास, टॉवेल, माठातलं पाणी यातून हे पसरतं का? आणि लेकराला मी घ्यावं का? जाणत्यांनी कृपया सांगा, रात्री झोप लागत नाही.

शिवारातला

ताई, ही नागीण असेल. गेरू लावा. तोंड-शेपूट जुळू देऊ नका.

परिचारिका

दादा, नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूची, बहुतेक वेळा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. तोंड-शेपूट जुळण्याचा आणि जिवाचा काही संबंध नाही. गेरूनं ती बरी होत नाही, दवाखान्यात मात्र लवकर जावं लागतं, कारण गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर जास्त उपयोग होतो.

ताई, मी 14 वर्षं आरोग्य केंद्रात आहे. ओठावरचा हर्पिस बहुतेक वेळा टाइप 1 विषाणूचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 50 वर्षांखालच्या जगातल्या दर तीन माणसांत साधारण दोघांच्या अंगात तो आहे. पुष्कळांना तो लहानपणीच लागतो, घरातल्याच कुणी मुका घेतला म्हणून. मग तो मज्जातंतूत दबून बसतो आणि तापात, कडक उन्हात, जागरणात पुन्हा वर येतो. तुम्हाला कधी लागला हे आजच्या फोडावरून कुणालाच सांगता येणार नाही. मालकांवर किंवा तुमच्यावर संशय घ्यायला यात काहीच आधार नाही.

तो पसरतो थेट स्पर्शानं : फोडाचं पाणी, लाळ, तोंडाजवळची कातडी. कधी कधी फोड दिसत नसतानाही. संडास, बादली, दोरीवरचं धुणं, धुतलेली ताटली, माठातलं पाणी यातून नाही, अंगाबाहेर तो फार टिकत नाही. एवढंच करा की फोड असेपर्यंत उष्टा पेला, मलम, लिपस्टिक कुणाला देऊ नका. फोडाला हात लागला तर साबणानं धुवा, तोच हात डोळ्याला लावू नका. नवरा-बायकोनं मुके आणि मुखमैथुन तेवढे दिवस टाळावेत, कारण तोंडातला विषाणू तसा खाली जातो. जननेंद्रियांवरचा टाइप 2 मुख्यतः शरीरसंबंधातून लागतो. कंडोमनं धोका घटतो, पण पूर्ण जात नाही.

आता लेकराचं. इथं खरंच जपा. पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या जिवावर बेतू शकतो. फोड पूर्ण वाळून बरे होईपर्यंत मुका नको, बाळाला तुम्ही घेऊच नका. बारशाला येणाऱ्या कुणीच बाळाचा मुका घेऊ नये, ओठावर फोड असो-नसो. बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, ताप आला किंवा अंगावर फोड दिसले तर त्याच घडीला मोठ्या दवाखान्यात न्या.

गोदाकाठची

ताई, तुमचं उत्तर सासूबाईंना चुलीपुढं बसून वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग हळूच म्हणाल्या, “मला दर उन्हाळ्यात ओठाला येतं, ते बी हेच का गं?” मी हो म्हटलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. रात्री जेवायला माझी ताटली सगळ्यांच्या ताटांत मांडली होती.

बारशात पाळणा मी ओसरीतूनच म्हणणार आहे. आत्याबाईंचं कसं करावं तेवढं सांगा. त्या पाटोद्याहून येतात आणि लेकरू दिसलं की आधी गालाला ओठ लावतात, वयानं मोठ्या आहेत, कुणी अडवत नाही. सासूबाई म्हणतात, “मी सांगते त्यांना.” पण बोलावं कसं, चार माणसांत की आधी फोनवर?

परिचारिका

आधी फोनवर, आजच. चार माणसांत त्यांना अपमान वाटेल. आणि सांगा, लेकराच्या पायाला हात लावून मुका घेतल्यासारखं करा, तोंड लावू नका.