प्रतिसाद: ठशाची कलमकारी नकली नव्हे

वर एकांनी लिहिलंय की खरी कलमकारी, म्हणजे कापडावरची पारंपरिक रंगीत नक्षी, फक्त हाताने रेखाटलेली, ठशांची ती नक्कल. हे मला अजिबात पटत नाही. हाताने रेखाटायची परंपरा आंध्रातल्या श्रीकालहस्तीची. आंध्रातल्याच मछलीपट्टणमची कलमकारी लाकडी ठशांचीच, आणि ती तितकीच अस्सल आहे.

मछलीपट्टणम हे गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं मुख्य बंदर होतं. इंग्रजांनी 1611 साली तिथे वखार घातली, डच त्याआधीच येऊन बसले होते. इराणी व्यापाऱ्यांच्या पसंतीमुळे नक्षीत देवादिकांऐवजी वेलबुट्टी आणि जीवनवृक्ष आले.

आता कामाचं सांगते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवतात. दुधाच्या स्निग्धतेमुळे रंग पसरत नाही. गंजलेलं लोखंड नि गूळ आंबवून केलेलं पाणी ठशाने लावलं, की हिरड्याशी संयोग होऊन तिथे काळी रेघ उमटते. लाल रंगाच्या जागी मात्र नुसती तुरटी छापतात. तो लाल दिसतो नंतर, मंजिष्ठासारख्या रंगद्रव्यात कापड उकळल्यावर! प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, मधे धुणं-वाळवणं. याला नक्कल म्हणणं कारागिरांवर अन्याय आहे.

1864 च्या चक्रीवादळात हजारो माणसं गेली, बंदराची रया गेली. तरी शेजारच्या पेडना गावात हे काम आजही चालतं. त्यांचं नुकसान होतंय ते कलमकारी म्हणून खपवल्या जाणाऱ्या स्क्रीन प्रिंटमुळे. घेताना दुकानदाराला ठशाचं आहे का, एवढं जरूर विचारा.