कारल्या-दुधीचा ज्यूस जर्मनीत विकायचाय, ड्यूटी किती लागेल?

माइनकाठचा_सांगलीकर
नमस्कार मंडळी. मी फ्रँकफर्टला असतो, आयटीत आहे, धंद्याचा अनुभव शून्य. माझ्या मेव्हण्याचं तासगावजवळ छोटं युनिट आहे, कारलं, दुधी, आवळा, बीट असे ज्यूस अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीत भरतो, पुण्या-कोल्हापुरात बरा खप आहे. मागच्या खेपेला चार बाटल्या बॅगेत घालून आणल्या, गणपतीत मंडळातल्या लोकांना चाखायला दिल्या तर सगळे म्हणे मागव, आम्ही घेतो. आता मेव्हणा मागे लागलाय की एक पॅलेट पाठवतो, तू तिकडं वीक. इथल्या दुकानांत गाजर, बीट, अगदी आंबवलेल्या कोबीच्या रसाच्या बाटल्यासुद्धा ओळीनं उभ्या असतात, म्हणजे जर्मन माणूस भाजी पितो हे नक्की. तर ड्यूटी किती लागते आणि लायसन कुठलं काढायचं? लेबल काय, मेव्हणा बदलून देईल.

हाम्बुर्गचा_हमाल
(हमाल नाही हो, परदेशी माल पोचवणाऱ्या फॉरवर्डरच्या ऑफिसात कागद हलवतो)
भावा, ड्यूटी हा शेवटचा प्रश्न आहे. तरी सांगतो. ज्यूसचा कोड २००९ नं सुरू होतो, पण टोमॅटोचा वेगळा, एकाच भाजीचा वेगळा आणि मिक्स केलेत की तिसराच, त्यामुळे आधी बाटलीत नेमकं काय किती टक्के आहे ते लिहून घे आणि मग टॅरिकवर (युरोपियन युनियनच्या ड्यूटीच्या दरांची वेबसाइट) भारत टाकून बघ, फुकट आहे. आयात करणाऱ्याला ईओआरआय नंबर (युरोपातल्या कस्टमसाठीचा ओळख क्रमांक) लागतो, तो कस्टमकडून फुकट मिळतो. आणि आयातीवरचा व्हॅट १९ टक्के. लोक हमखास इथं चुकतात, खाण्याच्या वस्तूला ७ टक्के म्हणून हिशोब धरतात, पण ज्यूस त्यात बसत नाही, भाजीचा असला तरी. धंदा रजिस्टर असेल तर तो व्हॅट नंतर वळता होतो, पण तोवर पैसे तुझेच अडकलेले.
आणि एक पॅलेट समुद्रानं पाठवणं म्हणजे दुसऱ्याच्या कंटेनरमध्ये कोपरा भाड्यानं घेणं. लाल समुद्रात २०२३ च्या शेवटी गडबड सुरू झाली तेव्हापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून आली, तेव्हा दिवसांचा हिशोब सैल ठेव. तुमचा ज्यूस तेवढे दिवस बिनफ्रिजचा टिकतो का? टिकत असेल तर कशामुळं टिकतो?

नाशिकची_क्यूए
वरच्या दादांनी नेमकी दुखती नस पकडली. मी एक्स्पोर्टच्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहे, म्हणून थेट विचारते, तुमचे मेव्हणे त्यात सोडियम बेंझोएट (टिकवण्यासाठीचं रसायन) घालतात का? बाटलीवर बारीक अक्षरात ‘२११’ असेल बघा. युरोपात भाजीच्या ज्यूसमध्ये ते चालत नाही, एक-दोन अपवाद आहेत पण त्यात कारलं नाही. ‘फ्लेवर्ड ड्रिंक’ म्हणून विकलंत तर ठरावीक मर्यादेत चालतं, पण मग बाटलीवर ज्यूस लिहायचं नाही, आणि ज्यूस न लिहिलेला कडू ज्यूस कोण घेणार.
बरं, बेंझोएट काढलं की पुढचा प्रश्न येतो पीएचचा, म्हणजे आंबटपणाच्या मापाचा, जितका आंबट तितका पीएच कमी. आवळा आंबट, त्याची काळजी नाही. पण दुधी, गाजर, बीट यांचा पीएच ४.६ च्या वर असतो, त्या पट्ट्यात नुसतं पाश्चराइज करून भागत नाही, बॉट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) बीजाणू त्यात मरत नाहीत आणि बंद बाटलीत, बिनफ्रिजचे, मजेत वाढतात. २००६ मध्ये अमेरिकेत बाटलीबंद गाजराच्या ज्यूसनं माणसं आजारी पडली होती ती यानंच. म्हणून एकतर लिंबू-आवळा घालून पीएच खाली आणायचा किंवा आंबवायचं (ते कोबीचं पाणी उगाच नाही टिकत) किंवा सरळ स्टरलाइज करायचं, पण त्यानं चव शिजवल्यासारखी लागते. कोल्ड प्रेस वगैरेचा विचारच सोडा, त्याला शेवटपर्यंत फ्रिज लागतो.
आणि फवारणीच्या औषधांचे अंश. ज्या औषधाची खास मर्यादा ठरलेली नाही त्याला तिकडं किलोला ०.०१ मिलिग्रॅम. आमच्याकडं २०१० ची द्राक्षं अजून कोणी विसरलेलं नाही, क्लोरमेक्वाट नावाच्या फवारणीच्या औषधापायी माल युरोपात अडकला होता. कारल्यावर शेतकरी काय काय मारतो ते मेव्हण्यांना माहीत असेलच, नसेल तर ते जास्त वाईट.

ओफेनबाखचं_दुकान
मी माझ्या अनुभवाचं सांगतो, दुकान आहे म्हणून. २०२२ च्या सुरुवातीला एका ओळखीच्या माणसाकडून प्लास्टिक बाटलीतला ज्यूस घेतला, स्वस्त मिळाला म्हणून खूश होतो, आणि मग कळलं की त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून ज्यूसच्या प्लास्टिक बाटलीलासुद्धा फांड (बाटली परत केली की मिळणारी अनामत) लागू झालाय, बाटलीमागं २५ सेंट, आणि त्यासाठी बाटलीवर फांडचं चिन्ह आणि रजिस्टर केलेला बारकोड लागतो. माझ्या बाटल्यांवर फक्त केळीच्या पानाचं चित्र. सगळा माल मागच्या खोलीत, शेवटी घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी पिऊन संपवला, बायको अजून काढते विषय.
काचेत किंवा टेट्रापॅकमध्ये ज्यूस असेल तर हा फांड नाही. प्लास्टिकमध्येच आणायचा हट्ट असेल तर झाकणसुद्धा बाटलीला जोडलेलंच राहायला हवं, २०२४ च्या ३ जुलैपासून. आणि बाटली काचेची असो की कसली, ल्युसिडमध्ये (जर्मनीतलं पॅकिंगचं सरकारी रजिस्टर) नाव नोंदवून पॅकिंगच्या कचऱ्याचे पैसे भरायचेच.
लेबल ‘बदलून देईल’ म्हणतोस ते एवढं सोपं नाही. जर्मनमध्ये पाहिजे, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता पाहिजे (म्हणजे तुझा, तक्रार आली की तुझ्या दारात), पोषणाचा तक्ता पाहिजे, आणि मिक्स भाजीत सेलेरी असेल तर ती ठळक छापायची, इथं ती ॲलर्जीच्या यादीत आहे. ‘मधुमेहावर गुणकारी’ हे तर पहिलं खोड. तेवढं खोडलं की कारल्याच्या ज्यूसमध्ये विकायला उरतं काय, ते तूच सांग.

माइनकाठचा_सांगलीकर
बाप रे. सगळ्यांचे आभार. मेव्हण्याला फोन लावला, २११ विचारलं तर जरा वेळ गप्पच, मग म्हणाला, सगळेच घालतात की. पीएच मीटर आहे म्हणे, पण बंद पडलाय.
एक विचारू का, भरायचं काम इथंच करून घेतलं तर?

नाशिकची_क्यूए
हे आधी विचारायला हवं होतंत. आंब्याचा पल्प कसा जातो, ॲसेप्टिक (निर्जंतुक) पिशवीत, बाहेरून ड्रम. तसा फक्त आवळा आणि कारलं पाठवा, बीट-गाजर तिकडं ढीगभर पिकतं. पण आवळा आणि कारलं युरोपियन युनियनच्या नॉव्हेल फूड (तिकडं नवं समजलं जाणारं खाणं) कॅटलॉगमध्ये शोधून घ्या, १५ मे १९९७ आधी तिकडं खाल्लं जात नव्हतं असं निघालं तर परवानगीचं मोठं लफडं असतं. आणि पहिलं काम, दोन्हींचा लॅब रिपोर्ट. तो येईपर्यंत ड्रमसुद्धा घेऊ नका.

ओफेनबाखचं_दुकान
भरून देणारे इथं आहेत, पण ते किमान हजारोंच्या बाटल्यांत बोलतात, मंडळाच्या चाळीस घरांत नाही. सफरचंदाच्या रसात आवळा घालून काचेच्या छोट्या बाटलीत केलंस तर माझ्याकडं एक फळी देतो. कारलं नको.

माइनकाठचा_सांगलीकर
ठरलं, आधी रिपोर्ट. मेव्हण्यानं नवा पीएच मीटर मागवलाय, बिल मात्र मला पाठवलंय.