सहा फुटी डिशला दोन मोटारी लागतातच का?

खानापूरहून प्रश्न: जुन्या केबलवाल्याची सहा फुटी जाळीची डिश भंगारात मिळाली, फोकस मधोमध. आकाशगंगेतल्या हायड्रोजन वायूकडून येणारी 1420.4 मेगाहर्ट्‌झची रेडिओ-रेषा पकडायची आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसारखी दोन्ही अक्षांवर फिरवायची तर गिअर-मोटारींचाच खर्च डोईजड होतोय. दुसरी वाट आहे का?

उद्यमबाग: मोटार नकोच. खोडदच्या 45 मीटरच्या अँटेना एकच स्रोत तासन्‌तास धरून बसतात, त्यांना दोन अक्ष हवेतच. तुमचा बीम, म्हणजे डिशला एका वेळी दिसणारा आभाळाचा तुकडा, पडतो 8 अंशांचा आणि आभाळ तासाला 15 अंश सरकतं. डिश उत्तर-दक्षिण रेषेत नुसती वरखाली होऊ दे, बाकीचं काम पृथ्वी करते. दोन पिलो ब्लॉक (बेअरिंगच्या बैठका), आडवा पाइप, आणि 30 सेंमी त्रिज्येची कमानी पट्टी. तिला दर 2.1 सेंमीला भोक पाडलं की एक खाच 4 अंशांची. आकाशगंगेचं केंद्र आपल्याकडे दक्षिणेला क्षितिजापासून 45 अंशांवर येतं, हंस तारकासमूहातला आकाशगंगेचा पट्टा उत्तरेला 66 वर.

उत्तर दिशा होकायंत्रानं घेऊ नका, स्लॅबमधली सळी सुई ओढते. माध्यान्हीची ओळंब्याची सावली घ्या. मात्र घड्याळाच्या बाराला नव्हे! बेळगावात माध्यान्ह सरासरी 12:32 ला होते, शिवाय ऋतूप्रमाणे पाव तासापर्यंत मागेपुढे. त्याच वेळी डिश सूर्याकडे करा. फीडची (फोकसवर सिग्नल गोळा करणाऱ्या डब्याची) सावली बरोबर मध्यावर पडली की कोन जुळला.

निपाणी: फीडचं सांगतो. 16 सेंमी व्यासाचा, 25 सेंमी लांबीचा पत्र्याचा डबा, एक तोंड बंद. बंद तळापासून 8.3 सेंमीवर तांब्याची काडी, आत साधारण 5 सेंमी. एलएनए, म्हणजे क्षीण सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर, डब्यालाच चिकटवा. तो घरात ठेवून आरजी-58 ही बारीक कोअॅक्स केबल दहा मीटर ओढली तर सिग्नलचा चौथा हिस्सासुद्धा उरत नाही.

खानापूर: जोडलं. पण डिश जमिनीकडे केली काय नि आभाळाकडे काय, सिग्नलचा आकडा तोच!

निपाणी: जमीन गरम, तिकडे आकडा चढायलाच हवा. आधी एलएनएला व्होल्टेज पोचतंय का मीटरनं बघा. डोंगलची (संगणकाला लावायच्या यूएसबी रिसीव्हरची) बायस-टी, म्हणजे केबलमधूनच एलएनएला वीज देणारी सोय, सुरू करायची राहून जाते. व्होल्टेज असेल तर जवळच्या मोबाइल टॉवरनं एलएनए गुदमरतोय, मग 1420 चा फिल्टर त्याच्या आधी लावा.

उद्यमबाग: आणि आषाढातल्या वाऱ्यात डिश आभाळाकडे सरळ करून पिन ठोका. वारा कडेवरून जातो, डब्याचं तोंडही खाली राहतं, पाणी शिरत नाही.