अनुभव धागा: बाबा गावाला गेले की घर चालतं का?

कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे, अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या पोरांवरचा. हुकूम सोडणारा प्रमुख खोलीबाहेर गेला की पोरांचं काम ढेपाळायचं. सगळ्यांना विचारून चालणारा गेला, तरी हात चालू राहायचे. तिसरा नुसताच बसून असायचा. आपल्या घरी कारभार कसा होता? घराला आधार झाला की जाच? लिहा मोकळेपणी.

संत्रावाला, वरूड
बाबा हुकूमवाले. आंबिया बहार कोणत्या व्यापाऱ्याला दिला, इसार किती घेतला, फक्त त्यांनाच ठाऊक. लकवा मारला, वाचा गेली, अन् थोड्याच दिवसांत दोन व्यापारी एकाच बागेवर हक्क सांगत अंगणात उभे. भाऊ म्हणे हा खरा, मी म्हणे तो. बाबा खाटेवरून नुसतं बोट हलवत होते; कोणाकडे, ते कळेना. आम्ही दोघं भाऊ तेव्हापासून बोलत नाही. बाबांनी कधी उपाशी ठेवलं नाही. विचारलंही नाही.

पऱ्हाटी, यवतमाळ
आमच्या घरी मायचं राज्य. कापसाचा चुकारा आला का जेवणं झाल्यावर ती कृषी केंद्राचं बिल, किराण्याची उधारी, सोसायटीचं कर्ज, साऱ्या चिठ्ठ्या सतरंजीवर मांडे. वाचाचं काम माझं, सातवीत होती मी. २०१७ मध्ये बोंडअळीनं कपाशी खाल्ली तवा कर्जाचा आकडा कोणाले नवा नव्हता. ताईच म्हणली, लग्न पुढच्या साली करा. रडली, पण ठरवलं तिनंच.

बेनाम
आमचे बाबा तिसरे. बारावीनंतर कुठं जाऊ? 'तुमचं तुम्ही पाहा.' म्हैस विकू का? तेच. स्वातंत्र्य म्हणाले बरं वाटते.

निवृत्त मास्तर, दारव्हा
सारंच विचारून होत नाही बाप्पा. त्याच २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. मी पोराले सांगून टाकलं, पंपाले हात लावाचा नाही. रागानं जेवला नाही. न जेवो!

पऱ्हाटी
मास्तर, मंग पंप कोणाच्या पाठीवर दिला? मजुराच्या?

निवृत्त मास्तर
कोणाच्याच नाही. बोंडअळी बोंडाच्या आत बसते, वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. हे पोराले तवाच सांगाले पाहिजे होतं म्हणता का? सांगितलं. त्यानं ऐकलं नाही, म्हणून हुकूम.